आयर्विन किती?

मागच्या जुलैत एका रात्री जेवणं आटोपून मी फोन घेऊन बसले होते. सांगलीतल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तासातासाला निरोप येत होते. दादाने लिहिलं, ‘आयर्विन ३८ फूट ६ इंच. वाढ सुरू आहे.’ मी ते मोठ्याने वाचलं. नवऱ्याने विचारलं, ‘रात्रीत अजून किती वाढेल?’ मी म्हटलं, ‘कोयनेतून किती सोडतात त्यावर आहे. दादा पहाटे पाचला परत बघून येणार आहे.’ शेजारी चित्र रंगवत बसलेली माझी आठ वर्षांची लेक खडू हातात तसाच धरून म्हणाली, ‘आई, आयर्विनला ताप आलाय का?’

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. किती आहे, वाढतोय का, रात्रभर लक्ष ठेवा, पहाटे परत बघा. आमच्या पुण्याच्या घरात ही भाषा आजारी माणसाच्या उशाशीच निघते. ‘पूल आहे गं तो, नदीवरचा,’ मी सांगितलं. ‘मग पुलाचं काय वाढतंय?’ पूल वाढत नाही, पाणी वाढतं, हे तिला पटवायला मला बरीच वाक्यं लागली. आमच्याकडे ‘कृष्णा किती?’ असं कुणी विचारत नाही. ‘आयर्विन किती?’ असंच विचारतात. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, दूर कुठे परदेशात गेलेला शेजाऱ्यांचा मुलगाही तिकडच्या मध्यरात्री तेच विचारतो. लेकीने शेवटी खडू ठेवला आणि झोपायला जाता जाता विचारलं, ‘पण त्याचं नाव आयर्विन का?’

तिला उद्या सांगते म्हटलं. त्या रात्री मला झोप आली नाही. पाण्याची धास्ती होतीच, पण हा प्रश्नही होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी हे नाव घेतेय, आणि त्या नावाच्या मागे एक माणूस होता हे मी वर्षानुवर्षं विसरून गेलेली असते.

माणूस होता. लॉर्ड आयर्विन, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय. नोव्हेंबर १९२९ मध्ये तो सांगली संस्थानात आला, राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी कृष्णेवर बांधवून घेतलेला पूल त्याच्या हस्ते खुला झाला, आणि पुलाला त्याचंच नाव दिलं गेलं. माझे आजोबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. शाळेतल्या पोरांना ओळीने उभं केलं होतं, नवे सदरे घालून यायला सांगितलं होतं आणि ऊन डोक्यावर आल्यावर पुढचा एक मुलगा घेरी येऊन पडला, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. लाटसाहेब दिसले का, असं मी विचारलं की ते म्हणायचे, ‘उंच होता, बास. पूल बघायचा की माणूस बघायचा?’ पुढच्याच महिन्यात लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. पुढे १९३१ च्या मार्चमध्ये याच आयर्विनने गांधीजींबरोबर करार केला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेला, तोच व्हाइसरॉय असताना, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले. शाळेत हे सगळं शिकताना वर्गात कुणीही मान वर करून म्हटलं नाही की हा तर आपल्या पुलाचा आयर्विन. बाईंनीही म्हटलं नाही. पुस्तकातला आयर्विन वेगळा आणि आपला वेगळा, असंच सगळ्यांच्या मनात असावं. आता मला त्याचं वाईट वाटतं, आणि थोडं बरंही वाटतं. ज्याच्या कारकिर्दीत ती फाशी झाली त्याचं नाव आमच्या आयाबायांच्या तोंडी इतकं बसलंय, हे टोचतं. पण आमच्या लोकांनी त्या नावातला माणूस पार धुऊन काढलाय. उरला दगड, कमानी, आणि खांबावर रंगवलेले आकडे.

पुलाआधी नदीत नाव चालायची. पलीकडच्या काठावरच्या सांगलवाडीहून दूध, भाजी, वैरण, माणसं, सगळं नावेतून यायचं, आणि पावसाळ्यात नाव बंद म्हणजे गाव बंद. आजोबा सांगायचे की तेव्हा पाणी फुटांत मोजत नसत. घाटाच्या पायऱ्यांवर मोजत, देवळांवर मोजत. अमुक देवाच्या पायाला लागलं, तमुक देवाच्या कमरेला आलं, असं बोलत. पणजीला म्हणे शेवटपर्यंत फूट समजले नाहीत. ती ‘मारुतीच्या कुठं आलंय?’ असंच विचारायची आणि तिला तसंच सांगायला लागायचं.

माझं घर सांगलीच्या गावभागात आणि आजोळ सांगलवाडीत. मधे पूल. मे महिन्याची सुट्टी लागली की आई एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मला धरून तो पूल चालत पार करायची. रिक्षाला पैसे कशाला, दहा मिनिटांचं तर चालणं. मला ती दहा मिनिटं फार मोठी वाटायची. पुलाच्या मध्यावर वारा एकदम अंगावर यायचा, आईचा पदर फडफडायचा, आणि जड गाडी गेली की पायाखालचा दगड अगदी बारीक थरथरायचा. पायाच्या तळव्याला कळायचं, कानाला कळायचं नाही. मी मुद्दाम चपला काढून उभी राहायचे. आई ओरडायची, ‘पाय भाजतील, घाल चपला.’ हिवाळ्यात पहाटे उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे निघायच्या. आजोळी झोपलेली असताना त्यांच्या घुंगरांचा आवाज आधी मोकळा, पसरट ऐकू यायचा आणि गाडी पुलावर चढली की तोच आवाज कठड्यांमध्ये कोंडून बारीक व्हायचा. मामा अंथरुणातूनच म्हणायचा, ‘चढली बघ गाडी पुलावर.’ मामाची नदीकाठच्या मळीत वांगी असायची. पूर येऊन गेला की त्या गाळात जी वांगी धरतात त्यांची चव दुसरीकडे नाही, यावर मी आजही कुणाशीही वाद घालीन. पण ती चव पुराचीच देणगी, हे तेव्हा कुणी उलगडून सांगत नसे. पूर आला की कृष्णामाई भेटायला आली म्हणायचे, बायका ओटी भरायच्या, नारळ पाण्यात सोडायच्या आणि तो कमानीपर्यंत कसा जातो ते बघत उभ्या राहायच्या.

हळदीची पेवंही त्याच काठाची. हरिपूर आणि सांगलवाडीच्या जमिनीत खोल खड्डे खणून त्यांत हळद साठवायचे. तिथल्या मातीचा गुण असा की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. पेव उघडायचं म्हणजे सोहळाच. तोंडावरची माती काढायची आणि आत लगेच उतरायचं नाही, काही तास तसंच उघडं ठेवायचं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर अजून थांबायचं. मी सात-आठ वर्षांची असताना मामाने मला खांद्यावर घेऊन एकदा ते दाखवलं होतं. कंदील खाली खाली गेला, लहान होत गेला, आणि जळत राहिला. मग खालून हळदीचा असा वास वर आला की डोळ्यांत पाणीच आलं. मग पोती गाडीत आणि गाडी पुलावरून बाजाराला. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. कितीकांची हळद जमिनीतल्या जमिनीत कुजली. मामा तेव्हा म्हणाला होता, ‘कंदील सोडायचीबी गरज न्हाई, वासच सांगतोय.’ त्यानंतर हळद कोल्ड स्टोरेजला जायला लागली.

आकड्यांचं मी लेकीला अजून नीट सांगितलेलं नाही. आयर्विनखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. हे सरकारी झालं. पण त्याच्याखाली आणि वर प्रत्येक वस्तीचा, प्रत्येक गल्लीचा आपापला आकडा आहे. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड ही मंडळी इशाऱ्याची वाट बघत नाहीत, त्यांची बोचकी आधीच बांधलेली असतात. मग एकेक चौक. लग्न ठरवताना मुलाची नोकरी विचारतात, घर स्वतःचं आहे का विचारतात, आणि आमच्याकडे हळूच हेही विचारतात की पाणी कितीला येतं. सून नवीन आली की तिला देवघर, पाण्याची टाकी, गॅसचं बटण दाखवतात तसा घराचा आकडाही सांगतात. माझ्या वहिनीला आईने पहिल्याच पावसाळ्यात सांगितला होता.

आमचा उंबरा ४८ ला.

याचा अर्थ ४७ पर्यंत आमच्याकडे चहा होतो, भांडी घासली जातात, शेजारपाजारचे सामान ठेवायला येतात. ४७ झाले की बाबा बोलायचे बंद व्हायचे. तांदळाचा डबा, कागदपत्रांची पेटी, देव, शिलाई मशीन, या क्रमाने वस्तू माडीवर जायच्या. क्रम कधी चुकला नाही. पाणी येतं ते लोंढ्याने येत नाही. आधी मोरीतून गुळगुळ आवाज होतो. मग मोरीच्या जाळीतून चहाच्या रंगाचं पाणी वर येतं, एखाद्या पाहुण्यासारखं, आणि फरशीच्या सांध्यांवरून रेषा रेषांनी पुढे सरकतं. दाराकडून नदी यायच्या आधी नदी घरातूनच उगवते. मी आठवीत असताना त्या पाण्याच्या टोकापुढे बोट धरून बसले होते, बोटाला कधी लागतं ते बघत. आजीने मला मागे ओढलं आणि त्या पाण्याला हळदकुंकू वाहिलं.

एक कबूल करायला हवं, कारण त्याशिवाय हे सगळं अर्धं राहील. आकडा चढायला लागला की आत कुठेतरी उत्साह वाटायचा. लहानपणी तर उघडच. शाळा बंद, पुलावर गर्दी, भज्यांच्या गाड्या, पोरं कठड्यावरून पुरात उड्या मारताहेत आणि पार खाली घाटाला लागताहेत, वाहत आलेलं केंदाळ कमानीला अडून हिरवं बेट झालंय, त्यावर एखादा भेदरलेला साप. ‘३९ झाले!’ म्हणत आम्ही पळत घरी यायचो, जसं काही आम्हीच ते चढवले. मोठेपणीही पुण्यात बसून आकडा वाचताना छाती धडधडते त्यात सगळीच भीती नसते. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, आमच्या खालच्या खोलीत माणूसभर होतं, आणि तरी पुढची कित्येक वर्षं ‘आम्ही त्रेपन्न बघितलेत’ हे आम्ही अभिमानाने सांगत होतो. बाबांनी भिंतीवर खिळा ठोकून ती खूण जपली होती. रंग दिला तरी खिळा काढू द्यायचे नाहीत.

२०१९ ने ते सगळं मोडलं. ऑगस्टचा पहिला आठवडा, पुण्याहून रस्ते बंद, फोन लागला तर लागला. दादाचे निरोप यायचे. ५०. ५२. मग ५३ ओलांडले आणि ग्रुपवर एकदम शांतता झाली. त्या आकड्याच्या पुढे काय असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. खुणा तिथे संपत होत्या, आठवणी तिथे संपत होत्या. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली आणि १७ माणसं गेली. बाहेर निघायला मिळालेली बोट होती ती. त्या बातमीनंतर मला आकडा वाचवेना. मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आई-बाबा, दादा-वहिनी माडीवर तीन दिवस होते, खालची खोली छतापर्यंत भरलेली. बाबांचा खिळा पाण्याखाली किती खोल होता, याचा हिशेब मी पुण्यात बसून करत होते. आजोळचं कुणी फोनवर येत नव्हतं. सांगलवाडीला पाण्याने वेढलं होतं. पूल तेवढा वर होता. दोन्ही टोकांचे रस्ते पाण्यात आणि मधे आयर्विन एकटा, कुठूनही कुठेही न नेणारा. कुणीतरी माडीवरून काढलेला तो फोटो माझ्याकडे आहे, मी तो फारसा उघडत नाही. पाणी उतरायला लागलं तेव्हा दादाने लिहिलं होतं, ‘आयर्विन स्थिर.’ दोन शब्द. ‘स्थिर’ इतका सुंदर शब्द मी आयुष्यात दुसरा वाचलेला नाही. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पाणी पुन्हा ५५ च्या घरात आलं. तोवर बाबा गेले होते. नवा खिळा कुणी ठोकला नाही.

या पुलाची मला स्वतःची अशी भीती एकदाच वाटली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. तो पूल १९२८ चा. आमचा १९२९ चा. त्या दिवशी आईला फोन केला तर ती म्हणाली, ‘मी आत्ताच जाऊन आले.’ ‘कुठे?’ ‘पुलावर. हात लावून आले.’ तिचं वय तेव्हा अडुसष्ट, गुडघे दुखत होते, पाऊस चालू होता. ती म्हणाली, दगड गार होता आणि कुठे हललेला वाटला नाही. मी तिला काही बोलले नाही. कोयनेच्या भूकंपात, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, आजोबाही असेच अंगावर घोंगडी घेऊन आधी पुलाकडे गेले होते. धरण फुटलं अशी आवई उठली होती आणि लोक उंच जागा शोधत होते. आजोबा नदीवर गेले. पूल आहे का बघायला. तो आहे म्हटल्यावर घरी येऊन झोपले. आमच्या घराण्यात ही रीतच असावी. महाडनंतर जुन्या पुलांच्या तपासण्या झाल्या, आयर्विनवरची जड वाहनं थांबली, आणि मग शेजारी समांतर पूलही उभा राहिला. नवा पूल सरळ, रुंद, गुळगुळीत आहे. त्याच्यावरून जाताना पायाला काही कळत नाही. तो हवाच होता. नव्वद वर्षांच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर किती ओझं टाकायचं? पण अजून कुणी त्याला नाव घेऊन हाक मारत नाही, आणि आकडा विचारायचा तर जुन्याचाच विचारतात.

यंदा मे महिन्यात लेकीला घेऊन सांगलीला गेले तेव्हा ‘उद्या सांगते’ म्हटलेलं दहा महिने राहिलं होतं. संध्याकाळी तिला घाटावर नेलं. नदी अगदी तळाला गेली होती, गावाच्या सांडपाण्याचा वास येत होता, काठाला दोन-चार मासे मरून पडले होते. हिची ओटी कशी भरतात, असं तिने विचारलं आणि मला लाज वाटली. मग पुलाच्या खांबाकडे बोट दाखवून मी सुरुवात केली. तो साहेब, तो राजा, शाळेतली पोरं उन्हात उभी. तिने ते ऐकून घेतलं, पण तिचं लक्ष आकड्यांवर होतं. पाणी पार खाली आणि आकडे कोरडे, वर वर चढत गेलेले. तिला विश्वास बसेना की पाणी तिथवर जातं. तिने मान मागे टाकून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चाळीसला मी म्हटलं इशारा, पंचेचाळीसला म्हटलं धोका.

‘आजीचं घर?’

‘अठ्ठेचाळीस. उंबरा.’

‘आजीचा पलंग?’

मी हिशेब केला. ‘साडेएकोणपन्नास.’

ती जरा थांबली. शाळेत नुकतीच उंची मोजली होती, चार फूट भरली होती, हे तिने येताना गाडीतच सांगितलं होतं. ‘म्हणजे मी आजीच्या घरात उभी राहिले तर माझं डोकं...’ तिने बोटांवर मोजलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘बावन्न,’ मी म्हटलं. तिने खांबावर बावन्न शोधला. सापडल्यावर खूश झाली, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बघितला. मग तिची नजर त्याच्याही वर गेली आणि ती पुढचे आकडे मोजायला लागली, त्रेपन्न, चौपन्न, पंचावन्न, आवाज एकेका आकड्याला बारीक होत.